आसेनातीचा पांढरा पार

अर्धं अंगण झाडून झालं होतं. समुद्राकडच्या बाजूला खराट्याच्या रेघा अशा सरळ उमटल्या होत्या की कोंबडीनेही तिथं पाय टाकण्याआधी विचार करावा. रस्त्याकडची बाजू अजून राहिली होती. आसेनातीने कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, देवाचे आभार मानले, आणि मागे वळून पाहिलं तर झाडलेल्या भागाच्या बरोब्बर मधोमध एक पिवळं पान. नीरफणसाचं पान म्हणजे चिंचेचं पान नव्हे. सुपाएवढं असतं, पडलं की आवाज येतो. तिने ते उचललं, तोवर दुसरं. दुसऱ्यासाठी वाकली तर तिसरं थेट पाठीवर.

"काय गं, कुणी पाठ थोपटली?" घरातून तिच्या नवऱ्याने, फेरेतीने, विचारलं. आमच्या सामोआत घरांना खांब असतात, भिंती नसतात. त्यामुळे चटईवर आडव्या पडलेल्या नवऱ्यालाही बायकोच्या कामावर देखरेख ठेवता येते, आणि देखरेखीच्या बाबतीत फेरेती फार कष्टाळू माणूस होता.

"पानं गळताहेत."

"झाडाची पानं गळायचीच. तुझे केस गळायला लागले की हाक मार."

एवढ्यात वरून थप्प आवाज झाला. मुठीएवढं कोवळं फळ, देठाशी काळं पडलेलं, खराट्याच्या रेघा मोडत तिच्या पायाशी येऊन थांबलं. आसेनातीने ते दाबून पाहिलं. बोट सरळ आत गेलं. तिने रस्त्याकडे पाहिलं, आणि कुणाच्या नजरेस पडायच्या आत ते फळ लुंगीच्या घडीत लपवलं. आज शनिवार होता, आणि सोमवारी बायकांच्या समितीची तपासणी होती.

आमच्या गावात ही समिती घरोघर फिरते. चटया उन्हात घातल्यात का, संडासाजवळ पाणी आहे का, डुकरं कुंपणात आहेत का, हे सगळं बघते. पुढे पाद्रीणबाई, त्यांच्यावर छत्री धरणारी एक, आणि मागे नाकं वर करून बाकीच्या. ज्या घरचं अंगण सगळ्यांत नेटकं, त्या घराच्या खांबाला समितीचा निळा झेंडा लागतो. तो झेंडा आसेनातीच्या खांबावर इतके दिवस होता की त्यात पालीने अंडी घातली होती. देवाला सगळं दिसतं. समितीला पुढचं अंगण तेवढं दिसतं. आणि पुढच्या अंगणात आसेनातीचा हात धरणारी बाई अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती.

हे वेड तिला उगाच लागलेलं नव्हतं. सवाई बेटावरून लग्न होऊन ती उपोलूला, ह्या गावात आली. आमच्याकडे गावच्या लेकी बसतात आणि बाहेरून आलेल्या सुना वाढतात. लेकींना खुर्ची, सुनांना चूल. फेरेतीची बहीण लुपे, नवरा वारल्यावर माहेरी येऊन शेजारच्याच तुकड्यावर राहिलेली, तिला कुठल्याही सभेत पहिला चहा मिळायचा. आसेनाती तो चहा न्यायची. सासूबाई, पेनिना, स्वभावाने वाईट नव्हत्या, पण कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. एकदा त्या कुणाला तरी म्हणाल्या, "सून स्वच्छ आहे." झालं! बाईने आयुष्यभराची शिदोरी म्हणून ते तीन शब्द बांधून घेतले. उपाशी माणसाला भाकरीचा तुकडा दाखवावा तसं ते झालं. त्या दिवसापासून तिच्या हातातला खराटा वाळला नाही.

आणि पेनिना जाताना, सगळ्या कुटुंबासमोर, असं काही बोलून गेल्या की लुपेने आ वासला. "लुपेला जमीन आहे, गावात मान आहे," म्हातारी म्हणाली. "दारचं झाड मात्र आसेनातीचं. तिने सांभाळायचं." हे नीरफणसाचं झाड पेनिनांनी सून म्हणून येताना स्वतःच्या माहेरून, आजीच्या झाडाच्या मुळाला फुटलेलं पिल्लू ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. घरच्या दोन पिढ्या त्याच्या फळांवर वाढल्या. आसेनातीच्या नावाने ह्या गावात खडाही नव्हता, आता एक झाड होतं. ते उभं होतं तोवर ती ह्या घरची. ते पडलं की पुन्हा बाहेरून आलेली.

मग तिने ते सांभाळलं. जसं तिला सांभाळता येत होतं तसं.

पेनिनांची कबर, रीतीप्रमाणे, घरासमोरच बांधली. पांढऱ्या फरश्या, वर छप्पर. काम संपल्यावर सिमेंट उरलं, दगड उरले, आणि पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा उरला. दुसऱ्या बाईने तो झाकण लावून ठेवला असता. आसेनातीने झाडाकडे पाहिलं. कबरीसारखाच मान झाडालाही मिळाला पाहिजे, असं तिच्या मनात आलं, आणि फेरेतीला चटईवरून उठवून तिने झाडाभोवती पार बांधून घेतला. गुडघ्याएवढा, गोल, सिमेंटचा. आत लाल माती भरली बुंध्याला लावून, मातीत रंगीत पानांची झुडपं. उरलेल्या रंगाने बुंधाही छातीपर्यंत पांढरा केला. झाड लग्नाला निघालेल्या पाहुण्यासारखं दिसायला लागलं.

त्या वर्षी एका रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं, "तुमची अंतःकरणं आसेनातीच्या पारासारखी असू द्या. बाहेरून शुभ्र, कडेने नेटकी." सगळ्या मंडळीने माना वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या पांढऱ्या टोपीखाली तिचे कान लाल झाले. गर्व हे पाप आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने घरी येऊन क्षमा मागितली, आणि सोमवारी पाराला दुसरा हात दिला.

पुढे एका तपासणीत पाद्रीणबाईंची टाच अंगणातल्या एका मुळात अडकली. बाई पडल्या नाहीत, पण छत्री पडली. नीरफणसाची मुळं खोल जात नाहीत. वरच्यावर, अंगणभर, म्हातारीच्या हातावरच्या शिरांसारखी पसरतात. त्याच दुपारी आसेनातीने कुऱ्हाड घेऊन वर आलेलं प्रत्येक मूळ जमिनीसपाट केलं. ज्या ज्या जागी घाव बसला तिथून झाडाने फुटवे काढले. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे की नीरफणसाला बी नसतं. मूळ दुखावलं की ते पिल्लू घालतं, आणि तेच पिल्लू नवं झाड. आसेनातीलाही माहीत होतं. पण रेघा मारलेल्या अंगणात पिल्लू म्हणजे कचरा. तिने एकूणएक उपटून, गळलेल्या पानांच्या पातेऱ्याबरोबर जाळले.

पातेरा तर ती रोज जाळायची. पान खाली पडून रात्रभर राहिलं म्हणजे घरात मुडदा ठेवल्यासारखं तिला वाटायचं. वर्षानुवर्षं खराटा फिरून फिरून झाडाखालची जमीन अशी टणक झाली की पावसाचं पाणी तिच्यावरून घसरून थेट रस्त्यावर जायचं. "बघा, चिखल नाही!" असं ती अभिमानाने दाखवायची.

आणि आता झाड गळत होतं. गेल्या पावसाळ्यानंतर शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. फेरेती म्हणाला, झाड म्हातारं झालं. गावातली तेल लावून हाडं बसवणारी लुसिया आली, तिने खोबरेल तेलाने बुंधा चोळला, झाडाला वारा लागलाय असं निदान केलं, आणि जेवून गेली. कुणी सांगितलं दृष्ट लागली. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, तीही मनापासून केली, त्यात खोट काढता येणार नाही. कुणी म्हणालं खिळे ठोका. खिळे ठोकले. आसेनातीला वाटलं झाडाची माती कमी पडतेय. तिने पाराला आणखी एक थर चढवला, आत आणखी माती घातली, वर पुन्हा रंग दिला. बुडणाऱ्याला धीर यावा म्हणून त्याच्या खांद्यावर बसावं, तशातला प्रकार.

शनिवारी दुपारी लुपे आली. केळीच्या पानावर भाजलेला नीरफणस, वर नारळाचं दाट दूध. स्वतःच्या झाडाचा. लुपेचं झाडही ह्याच झाडाच्या मुळाचं, पेनिनांनीच लावून दिलेलं. शेजारणीला पदार्थ द्यावा ही रीत आहे; पण जिचं झाड मरतंय तिला भाजलेला नीरफणस देणं ही रीत नाही, ती लुपेची खोडी.

"घ्या वहिनी," ती कबरीच्या पायरीवर ऐसपैस बसत म्हणाली. "यंदा आमच्याकडे इतका आलाय की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. म्हटलं, तुम्हाला द्यावा."

"डुकरांनी तोंड फिरवल्यावर माझी आठवण झाली म्हणा वन्सं."

"डुकरं घरातली हो. आधी घरच्यांना विचारायचं." लुपेने पाराकडे नजर टाकली. मग ज्या पायरीवर बसली होती तिच्याकडे. मग पुन्हा पाराकडे. "वहिनी, एक विचारू? आईची कबर ही की ती?"

"काय बोलता!"

"नाही, दोन्ही सारख्याच दिसतात. पांढऱ्या, गुळगुळीत, वर फुलं. आईला आम्ही मेल्यावर पुरलं. झाडाला तुम्ही जिवंतपणीच पुरलंत, एवढाच काय तो फरक."

"माझ्या अंगणाला नावं ठेवायच्या आधी स्वतःचं बघा. समितीने तुम्हाला गेल्या खेपेला दंड केला. तुमच्या झाडाखाली चालायला गेलं तर गुडघाभर घाण."

"केला ना दंड. समितीला चहा-बिस्किटं दिली. निम्मी मीच खाल्ली." लुपे उठली, लुंगी झटकली. "आई भांडी धुतलेलं पाणी कुठं ओतायची हो? आणि सोललेल्या अळकुड्यांच्या साली? तुम्ही तिच्या हाताखाली होतात, मी नव्हते. मी तर लेक. मी नुसती बसायची."

ती गेली. आता, लुपेला मुळांतलं काही कळत होतं म्हणून तिचं झाड बहरलं होतं असं कुणी समजू नये. लुपे ही गावातली सगळ्यांत आळशी बाई होती. तिने खराटा घेतला होता, पण तो छपरात खोचून ठेवला होता, शोभेला. पान जिथं पडलं तिथं कुजलं, साल जिथं फेकली तिथं कुजली, त्यावर कोंबड्या उकरत राहिल्या. देव कधी कधी आळशाच्या पदरात असं काही टाकतो की कष्टाळू माणसाने देवाशी दोन दिवस बोलू नये. पण प्रश्न मात्र तिने बरोबर विचारला होता, आणि त्याचं उत्तर आसेनातीला पाठ होतं.

पेनिना पाणी बुंध्याशी कधीच ओतत नसत. त्या पाण्याची बादली घेऊन त्या पार तिकडे, जिथं झाडाची सावली संपते तिथं जायच्या. साली तिथं, पातेरा तिथं, चुलीतली राखही तिथं. नव्या सुनेला वाटलं, म्हातारीला दिसत नाही. तिने एकदा विचारलं होतं, "आई, झाड इकडे आणि पाणी तिकडे का?" पेनिना म्हणाल्या होत्या, "तू जेवताना घास पोटावर ठेवतेस का? झाडाचं तोंड त्याच्या सावलीच्या काठाला असतं. बुंधा कोरडा असू दे." ऐकलं होतं. आणि सासू गेल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो सावलीचा काठ खराट्याने लख्ख केला.

भाजलेला नीरफणस तसाच पानावर ठेवून आसेनाती पारावर चढली. झुडपं बाजूला सारली, आणि अळकुड्या लावायची टोकदार काठी मातीत खुपसली. काठी बाहेर आली ती आंबलेल्या वासाची. हाताने माती उकरली. आत बुंध्याची साल ओली, काळी. बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून हातात आली. आणि त्या सुटलेल्या सालीच्या वर, मातीतच, झाडाने नवी मुळं काढली होती. खाली जाता येईना म्हणून ती आतल्या आत, पाराच्या भिंतीला धडकून, बुंध्याभोवतीच गोल फिरली होती. बैलाच्या मानेला दोर गुंडाळत जावा तशी. काही जागी दोर बुंध्यात रुतला होता.

आसेनाती तिथंच मांडी घालून बसली. रडली नाही. तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की हे कुणी पाहिलं तर नाही ना! दुसरं वाटायला थोडा वेळ लागला.

मग ती उठून झाडाच्या मागच्या बाजूला, लुपेच्या हद्दीवरच्या दगडांकडे गेली. झाडाची सावली तिथं संपत होती. दगडापलीकडे लुपेचा पातेरा, काळा, भुसभुशीत, वाफाळल्यासारखा. तिने हात घातला. कोपरापर्यंत गेला. आणि त्या कुजक्या पानांत, दाट पांढरी मुळी, शेवयांच्या गुंतवळासारखी. लुपेचं झाड तिकडे समुद्राजवळ, इतक्या लांब. ही मुळी दगडाखालून इकडून आली होती. एक मूळ, मनगटाएवढं, कुऱ्हाडीतून वाचलेलं, तिच्या लखलखीत अंगणाखालून गुपचूप निघून नणंदेच्या उकिरड्यात जाऊन जेवत होतं. सासरी हाल झालेली सून माहेर गाठते तसं झाडाने पेनिनांच्या लेकीचं घर गाठलं होतं. आणि तिथं, जिथं कधीतरी डुकराने मूळ ओरबाडलं असावं, एक कोवळा फुटवा गुडघ्याएवढा उभा होता. त्याच्याभोवती नारळाच्या झावळ्यांचं छोटं कुंपण. आळशी लुपेने हाताने बांधलेलं.

"सापडलं का?" लुपे आपल्या घरातून, आडवी पडूनच म्हणाली.

"वन्सं, हे माझ्या झाडाचं आहे."

"असेल. मी काही बोलावलं नव्हतं. आपणहून आलं."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर खराटा घेऊन आला असतात." लुपेने कूस बदलली. "आईने झाड तुम्हाला दिलं. मुळं कुठं जातील ते म्हातारीने सांगितलं नव्हतं. पिल्लू माझ्या जमिनीत आहे, माझं आहे. तुम्ही तुमचं थडगं सांभाळा."

तेवढंच ऐकायचं राहिलं होतं. आसेनाती घरी आली आणि फेरेतीच्या उशाखालची पहार ओढली. उशाखाली पहार का, तर ती बागेत न्यायची असा त्याचा गेल्या पावसाळ्यापासून विचार चालू होता.

"कुठं निघालीस?"

"पार फोडायला."

फेरेती उठून बसला. हे त्या दिवशीचं मोठं काम. "अगं, परवा तपासणी! वेड लागलं का? झेंडा जाईल!"

"झेंड्याला फळं लागतात का?"

"मंगळवारी फोड. मी मदत करतो."

"तुम्ही मंगळवारी मदत केलेली मी अजून पाहिली नाही," ती म्हणाली, आणि पहार घातली. तीन हात देऊन रंगवलेलं सिमेंट आधी ऐकेना. मग एक ढलपी निघाली, मग दगड हलला, आणि दगडामागून दगड अंगणात, त्या सरळ रेघांवर, गडगडायला लागले. लाल माती वाहत खाली आली. रस्त्याने मासे घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. एकीने विचारलं, "कोण वारलं गं?" दुसरी म्हणाली, "कुणी नाही, कबर उघडताहेत."

निम्मा पार फुटला आणि गावचा शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की जो जिथं असेल तिथून घरात जाऊन बसतो; भजन, वाचन, प्रार्थना. आसेनातीने चिखलाचे हात लुंगीला पुसले आणि बसली. प्रार्थनेत फेरेतीने देवाला विनंती केली की सोमवारपर्यंत सगळ्यांना सद्बुद्धी दे. तिने आमेन म्हटलं, पण तिचा डोळा झाडावर होता.

आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्या गावात गवताची काडी उचलायचीही मनाई. म्हणजे अर्धा फुटलेला पार, विस्कटलेले दगड, उखडलेली झुडपं, पानांचा खच, हे सगळं जसंच्या तसं. आणि त्याच्यासमोरून अख्खं गाव पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या घालून देवळात गेलं. इतक्या हळू कधी गेलं नव्हतं. पाद्रीबाबांनी त्या दिवशी प्रवचनात पाराचं नाव काढलं नाही. शुभ्र अंतःकरणाला दुसरा दाखला त्यांना मिळालेला नव्हता. आसेनाती दुपारच्या जेवणानंतर कबरीच्या पायरीवर बसून राहिली. पान पडलं. उचलावं म्हणून हात गेला, आणि रविवार आठवून मागे आला. संध्याकाळपर्यंत पायाशी किती पानं साचली ते पाहून तिला नवल वाटलं. एवढं सगळं ती रोज जाळत होती.

सोमवारी पहाटेपासून तिने राहिलेला अर्धा पार काढला. तपासणीपूर्वी दगड रचून झाकता आला असता. फेरेतीने तसं सुचवलंही. तिने माती उपसत उपसत नेली, ती बुंधा जिथं रुंद होऊन जमिनीत शिरतो, मुळं फाकतात, तिथपर्यंत. किती वर्षांनी त्या जागेला हवा लागली! रस्त्याकडच्या बाजूची साल गेलेली होती. समुद्राकडच्या बाजूला नखाने खरवडलं तर खाली हिरवं. अर्ध्या कमरेला जीव होता. गळ्याशी गुंडाळलेलं सगळ्यांत जाड मूळ तिने कोयत्याने हळूहळू, खालच्या सालीला धक्का न लावता, कापलं. बाकीची राहू दिली. एका दिवसात किती घाव घालायचे! मग टोकदार काठीने सावलीच्या काठावर टणक जमिनीत भोकं पाडत फिरली, पाणी आत जावं म्हणून. डबाभर पाणी ओतलं. पाणी घसरून रस्त्यावर गेलं नाही. गुटगुट करत आत गेलं. ते ऐकायला ती वाकली, आणि नेमकी त्याच वेळी समिती आली.

छत्रीखालून पाद्रीणबाईंनी पाहिलं. "हे काय आसेनाती?"

"झाडाला श्वास घ्यायला जागा केली, बाई."

"श्वास नाकाने घेतात." समितीत कुणीतरी हसलं. "आणि ही पानं?"

"ती आता इथंच राहतील."

पाद्रीणबाईंनी देवाकडे पाहिलं, मग छत्रीकडे. झेंडा काढला. त्यातून पालीच्या अंड्यांची दोन टरफलं पडली. झेंडा गेला सिमातिवाकडे. तिच्या अंगणात एकही झाड नाही, टायरांमध्ये प्लॅस्टिकची फुलं लावलेली आहेत. ती गळत नाहीत, उडत नाहीत, मरत नाहीत. समितीला इतकं समाधान पूर्वी कुणी दिलं नव्हतं. आसेनातीला दंड झाला, सगळ्यांना चहा आणि बिस्किटं. तिने वाढली. लुपे गावची लेक म्हणून खुर्चीवर बसली होती, पहिला चहा तिला, आणि ह्या खेपेलाही निम्मी बिस्किटं तिनेच खाल्ली.

"वहिनी," ती जाताना, तोंड पुसत, म्हणाली, "जगेल का हो?"

"देव जाणे."

"मेलं तर पिल्लाची पहिली फळं पाठवीन. भाजून."

"तुमच्या तोंडात देव कधी तरी साखर घालो, वन्सं."

"बिस्किट चालेल," लुपे म्हणाली, आणि गेली.

समिती पांगल्यावर आसेनातीने कपबशा विसळल्या. विसळलेलं पाणी घेऊन ती सावलीच्या काठापर्यंत चालत गेली आणि तिथं ओतलं. वरून एक पिवळं पान आलं. ते तिने पडू दिलं, फक्त पायाने सरकवून काठाकडे नेलं, बुंध्यापासून लांब. पण एवढ्याने काय होणार! काठावर वीतभर कुजका पातेरा हवा होता, भुसभुशीत, काळा, आणि स्वतःच्या अंगणातला तर ती वर्षानुवर्षं जाळत आली होती. गावात तसा पातेरा एकाच घरी होता.

खराटा तिने खांबाला टेकवून ठेवला. अंगणाचा रस्त्याकडचा भाग शनिवारपासून झाडायचा राहिला होता, तो राहू दिला. झावळ्यांच्या दोन टोपल्या घेतल्या, आणि आसेनाती लुपेकडे कचरा मागायला निघाली.